समोरच्याच्या हातात काय आहे? पोकरच्या टेबलावर माणसं कमी झाली की अंदाज का गंडतो

गगनबावड्यात पाऊस लागला की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. धुकं घरात शिरतं, लाईट जाते आणि पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. मग मेंढीकोट, रमी, नाहीतर तीन पत्ती. तीन पत्ती म्हटली की डावात एक तरी शहाणा असतोच, जो समोरच्याच्या तोंडाकडे बघून छातीठोकपणे सांगतो, "याच्याकडं काय नाही, चाल दे."

हाच शहाणा करूळ घाट उतरून, तळेऱ्याला मुंबई-गोवा हायवे धरून पणजीला पोहोचला की मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर त्याची गाठ पोकरशी पडते. पोकरचा सगळ्यात जास्त चालणारा प्रकार म्हणजे नो-लिमिट टेक्सास होल्डम. नो-लिमिट म्हणजे पुढ्यातले सगळे चिप्स कधीही लावता येतात. म्हणजे अंदाज एकदा चुकला तरी सगळं जाऊ शकतं.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बघू. महाराष्ट्रात जुगारासाठी १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. पेपरात 'तीन पानी जुगार अड्ड्यावर छापा' अशी बातमी येते ती त्याचीच. गोव्यात १९७६ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात नंतर बदल करून कॅसिनोंना परवानगी दिली गेली. मोबाईलवर पैसे लावून पोकर खेळणं मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केल्यावर मोठ्या भारतीय ॲप्सनी बंद केलं. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा फरक तो कायदा करतच नाही. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

आता खेळाकडे येऊ. तीन पत्तीत सगळी पानं झाकलेली असतात, त्यामुळे माहिती मिळते ती फक्त चालीवरून. होल्डममध्ये प्रत्येकाकडे दोन पानं झाकलेली आणि मधली पाच सगळ्यांसाठी उघडी. ती आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग एक (रिव्हर) अशी येतात. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पानं टाकायची. म्हणजे समोरचा चार वेळा काहीतरी 'बोलतो', आणि दर वेळी नवीन पानं बघून बोलतो.

नवखा खेळाडू लगेच एकच हात ठरवून टाकतो. "याच्याकडे राजा-राणी आहे." जाणकार तसं करत नाही. तो सगळ्या शक्यतांची यादी धरतो आणि दर टप्प्याला त्यातलं काहीतरी खोडतो. या यादीला पोकरमध्ये रेंज म्हणतात. तुमची दोन पानं सोडली तर समोरच्याकडे १,२२५ कॉम्बिनेशन्स असू शकतात. फ्लॉपची तीन पानं उघडली की उरतात १,०८१. बाकीची खोडायची ती त्याच्या वागण्यावरून.

माणसं कमी असली की गडबड इथेच होते. होल्डममध्ये दर डावाला दोघांना सक्तीने पैसे टाकावे लागतात, त्याला ब्लाइंड म्हणतात. नऊ जण असतील तर नऊ डावांत दोनदा तुमची पाळी येते. तिघं असतील तर तीन डावांत दोनदा! चांगल्या पानांची वाट बघत बसलात तर ब्लाइंडच तुम्हाला खाऊन टाकतात. शिवाय समोर आठ जण असताना त्यातल्या एकाला तरी सुरुवातीलाच जोडी आलेली असण्याची शक्यता साधारण ३८ टक्के असते. समोर दोघंच असतील तर जेमतेम ११. त्यामुळे सगळेच सुमार पानांवर खेळतात आणि तशाच पानांवर रेझही करतात. तीच चाल, पण अर्थ पातळ झालेला असतो.

एक डाव मांडून बघू. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आणि किलवरचा गुलाम. फ्लॉपवर बदामाचा एक्का, बदामाची नव्वी, किलवरची चौकी. पुढची दोन पानं किरकोळ, बदाम नाही. समोरचा प्रत्येक टप्प्यावर लावत आलाय आणि शेवटी हजाराच्या पॉटमध्ये आणखी हजार टाकतो. तुम्ही हजार देऊन दोन हजार जिंकायला बसलाय, म्हणजे तीनात एकदा जरी बरोबर ठरलात तरी परवडतं.

तुम्हाला हरवणारं काय? एक्का-राजा: दोनच एक्के शिल्लक, राजे चार, म्हणून ८. एक्का-राणी ८. एक्क्यांची जोडी १, नव्वीची ३, चौकीची ३. एकूण २३. म्हणजे कॉल परवडायला त्याच्याकडे निदान १२ फसवी कॉम्बिनेशन्स हवीत, उदाहरणार्थ बदामाची वाट बघून फसलेली. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून रेझ करणारा बदामाची सत्ती-दुर्री कधीच टाकून देतो. राजा-राणी, राणी-गुलाम अशी पाच-सहा उरतील. टाका पानं.

आता टेबलावर तिघंच आहेत. तो एक्का-नव्वी आणि एक्का-चौकीही खेळतो, सहा-सहा धरून हरवणारे झाले ३५. पण दोन्ही बदामांची शक्य कॉम्बिनेशन्स आहेत ५५, आणि या टेबलावर त्यातली बरीच तो खेळतो. त्यातल्या १८ वर जरी तो शेवटपर्यंत रेटणारा असेल तर कॉल बरोबर. त्यामुळे खरा प्रश्न "याच्याकडे एक्का-राजा आहे का" हा नाहीच. "हा माणूस फसलेल्या पानांवर शेवटचा हजार टाकणाऱ्यांतला आहे का" हा आहे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीजचं. शेवटी दोघंच उरले होते: टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर (हे खरं आडनाव आहे बरं का) आणि मुरलेला प्रोफेशनल सॅम फारहा. फारहाकडे नव्वीची जोडी, आणि मधल्या पानांत नव्वीच सगळ्यात मोठी. मनीमेकर राजा-सत्ती घेऊन इस्पिकची वाट बघत होता. इस्पिक आलंच नाही, तरी त्याने शेवटी सगळे चिप्स ढकलले. फारहाला संशय आला होता, त्याने तो बोलूनही दाखवला. तरी पानं टाकली. अंदाज बरोबर होता, पण त्यावर पैसे लावायची तयारी नव्हती.

आणि ते तोंडाकडे बघणं? २०१७ मध्ये लिब्रॅटस नावाच्या प्रोग्रॅमने पिट्सबर्गमध्ये चार प्रोफेशनल्सना एकास-एक होल्डममध्ये १,२०,००० डावांत हरवलं. २०१९ मध्ये प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावर तेच केलं. दोघांनाही कोणाचा चेहरा दिसत नव्हता. रील्सवर 'डोळे वाचायचे पाच प्रकार' शिकवणारे हे सांगत नाहीत. कॅसिनो प्रत्येक पॉटमधून किंवा तासाच्या हिशोबाने आपला वाटा कापतो, हेही सांगत नाहीत. टेबलावरच्यांपेक्षा थोडेसेच हुशार असाल, तर ती हुशारी त्या वाट्यातच जाते.

सराव मात्र फुकट होतो. चिंचोक्यांवर खेळा. पानं टाकल्यावर मोबाईल काढू नका, उरलेल्या दोघांच्या शक्यता कागदावर लिहा, दर टप्प्याला खोडा आणि शोच्या वेळी ताडून बघा. शंभर डावांनंतर त्याच माणसांबद्दल, त्यांचं तोंड न बघता, बरंच काही कळलेलं असतं.