लसूण : गंधक संयुगांचा शरीरातील चयापचय

लसूण खाल्ल्यावर त्यातील गंधकयुक्त संयुगांचे पचनमार्ग, रक्त व यकृत यांत होणारे रूपांतर आणि श्वास, लघवी व दूध यांवाटे होणारे उत्सर्जन. दात घासूनही तोंडाचा वास का जात नाही, याचे उत्तर या प्रक्रियेत आहे.

अख्ख्या पाकळीला वास जवळजवळ नसतो. तिच्यात ॲलिइन हे संयुग आणि ॲलिनेज हे विकर वेगवेगळ्या जागी असतात. पाकळी ठेचली की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होते. चेस्टर कॅव्हॅलिटो व जॉन बेली यांनी १९४४ मध्ये ते वेगळे काढून त्याचा जीवाणूरोधी गुण दाखवला. उष्णतेने विकर निकामी होते. म्हणून गरम तेलाच्या फोडणीत अख्ख्या पडलेल्या पाकळ्यांत ॲलिसिन फारसे बनत नाही. ठेचलेला लसूण दहा मिनिटे तसाच ठेवून मग फोडणीला घातला, तर आधीच तयार झालेल्या संयुगांचा काही भाग तरी टिकतो. जठरातील तीव्र आम्लातही हे विकर चालत नाही.

ॲलिसिन रक्तात फिरते, हा समज चुकीचा आहे. २५ ग्रॅम कच्चा लसूण खाल्लेल्यांच्या रक्तात किंवा लघवीत ते आढळले नाही. पेशींतील ग्लुटाथायोन व सिस्टीन त्याच्याशी तत्काळ संयोग पावतात आणि त्यातून पुढे ॲलाइल मरकॅप्टन सुटते. एस-ॲडेनोसिल मेथिओनिन या रेणूकडून त्याला मिथिल गट मिळाला की ॲलाइल मिथिल सल्फाइड बनते. वासाचे खरे मूळ हेच. लसणाचे इतर वायू तोंडातच निर्माण होतात व काही तासांत ओसरतात. मात्र हे संयुग आतडे आणि यकृत यांत सहजासहजी मोडत नाही, रक्तावाटे फुप्फुसांत येते आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर पडते. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तोंडातील हवा, फुप्फुसातील हवा व लघवी यांची तुलना करून हा फरक दाखवण्यात आला. दात घासल्याने किंवा चूळ भरल्याने रक्तातले संयुग कमी होणार नाही. लसणासोबतच कच्चे सफरचंद, पुदिना किंवा दूध घेतल्यास वास काहीसा कमी होतो, कारण ही संयुगे शोषली जाण्यापूर्वीच अडवली जातात.

उरलेल्या ॲलाइल मिथिल सल्फाइडचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन सल्फॉक्साइड व सल्फोन बनतात आणि ते लघवीतून जातात. हीच संयुगे आईच्या दुधातही उतरतात. ज्युली मेनेला व गॅरी ब्यूचॅम्प यांच्या १९९१ च्या प्रयोगात आईने लसणाची कॅप्सूल घेतल्यावर दुधाचा वास बदलला आणि बाळे स्तनाला अधिक वेळ लागून राहिली. आपल्याकडे बाळंतिणीच्या आहारात लसूण आवर्जून असतो. त्या दृष्टीने हा निष्कर्ष विशेष लक्षणीय आहे.

एस-ॲलाइल सिस्टीन या पाण्यात विरघळणाऱ्या संयुगाचा मार्ग निराळा. ते चांगले शोषले जाते, यकृत व मूत्रपिंडांत त्याला ॲसिटिल गट जोडला जातो आणि मग ते लघवीतून बाहेर पडते. लसणातील पॉलिसल्फाइडांपासून तांबड्या पेशी हायड्रोजन सल्फाइड बनवतात व त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, असे अलाबामा विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. मात्र ते प्रयोग प्रामुख्याने प्रयोगशाळेतील पेशी व उंदरांच्या रक्तवाहिन्या यांवरचे होते. त्यावरून लसूण हे रक्तदाबाचे औषध ठरत नाही.

लसणाच्या पूरक गोळ्यांनी सॅक्विनाव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधाची रक्तातील पातळी जवळपास निम्म्याने घटल्याचे आढळले आहे. बिंबाणूंची एकत्र येण्याची क्रियाही लसणाच्या संयुगांनी मंदावते. म्हणून अशा गोळ्या घेणाऱ्यांनी रक्त पातळ करणारे औषध सुरू करताना व शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना तसे आधीच सांगावे.