जपानी क्रियापदाचं शेपूट

भोपाळात बसून जपानी कांजी घोटताना क्रियापदांपाशी माझं घोडं अडलं, ते आनंदानं. 'काकु' म्हणजे लिहिणे. त्यातला 'का' चिनी कांजीत दडलेला. 'कु' मात्र काना लिपीत, शेपटासारखा बाहेर. रूपं चालवताना हलतं ते शेपूटच: काकानाइ, काकिमासु, काकु, काकेबा, काकोओ. का, कि, कु, के, को. ही तर बाराखडी!

कानाची अक्षरंही चिनी अक्षरं झिजून झाली, हे ठाऊकच आहे. पण त्यांचा क्रम? अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. 'सा' आणि 'हा' तेवढे उपरे वाटतात, आणि हा क्रम भारतीय वर्णमालेतून आल्याचा खरा पुरावा माझ्या मते तेच देतात. जपानी 'ह' पूर्वी 'प' होता, म्हणजे तो 'प'च्याच जागी बसलाय. 'सा' बसलाय 'च'च्या जागी. जुना 'स' 'त्स'सारखा होता असं बरेच अभ्यासक मानतात. हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. चाक, चूल म्हणून पाहा.

हा क्रम तिथं पोचला कसा? मंत्रांचे उच्चार शुद्ध राहावेत म्हणून जपानी भिक्षू सिद्धम लिपी शिकत. त्यांतलाच कूकाई ८०६ साली चीनहून ती विद्या घेऊन परतला. सिद्धम ही ब्राह्मीच्या वंशातली. आणि ब्राह्मी उलगडली ती १८३७ साली, आमच्या शेजारच्या सांचीच्या दानलेखांतल्या 'दानं'वरून, प्रिन्सेपच्या हातून.

दुसरा पक्ष म्हणतो, कानाचा हा अक्षरतक्ता अक्षराचा उच्चार दोन तुकड्यांत फोडण्याच्या चिनी पद्धतीतून निघाला. अकराव्या शतकारंभीच्या सर्वांत जुन्या तक्त्यात स्वर इ, ओ, अ, ए, उ असे विस्कटलेले आहेत, हे त्यांच्या पथ्यावर पडतं. पण १०९३ साली म्योगाकु हा सिद्धमचा पंडित अ, इ, उ, ए, ओ मांडतो. गरज चिनी असेल; घडी भारतीयच.

क्रियापदं या तक्त्यावर चढवली मोतोओरी हारुनिवा या अंध पंडितानं, १८०८ साली छापलेल्या ग्रंथात. त्याच्याकडे मात्र 'काकु'च्या पायऱ्या चारच! तेव्हा 'काकोओ' लिहीत 'काकाउ'. 'को' आला १९४६च्या लेखनसुधारणेनंतर. म्हणजे माझी पूर्ण बाराखडी जेमतेम ऐंशी वर्षांची, आणि तीही सरकारी. असो. पाचव्या पायरीची जागा म्योगाकुच्या तक्त्यात आधीपासून होती, एवढं मी धरून ठेवणार.