हातमागातून निघालेली मोटार



नारायणगावच्या चौकात सकाळी सातच्या सुमारास घटकाभर उभे राहून पाहा. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो बाजाराकडे वळत असतात. एस. टी. भरभरून येत असते. मधूनच ओझरला किंवा लेण्याद्रीला निघालेली एखादी लांबट मोटार जाते. आत आजी-आजोबा, लेकी-सुना, मांडीवर नातवंडे आणि टपावर बांधलेल्या पिशव्या. हमरस्त्याच्या कडेला मोठा झालेला दहा वर्षांचा पोरगासुद्धा ती पाहून चटकन सांगेल, "ही इनोव्हा!" आणि घरात कोणी जुने भाडेवाले असतील तर ते म्हणतील, "अरे, इनोव्हा आत्ताची. खरी गाडी क्वालिस!"

या दोन्ही गाड्या टोयोटा या जपानी कंपनीच्या. आज त्यांचीच कूळकथा सांगणार आहे. आता तुम्ही म्हणाल, जपानच्या मोटारीशी जुन्नर-आंबेगावच्या माणसाला काय करायचे आहे? करायचे आहे, आणि ते पुष्कळ आहे. ते कसे, तेच पाहू.

पहिली गोष्ट अशी की, आपला हा मुलूख वाटेवर जगलेला आहे. नाणेघाट आठवा. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याकडचा माल याच घाटाने वर चढे आणि जुन्नरच्या पेठेत उतरे. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. पुढे आगगाडी आली, पण ती पुण्याहून दुसऱ्या दिशांनी गेली. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आजवर रेल्वेचा रूळ पडलेला नाही. म्हणून भाजी मुंबईला जायची असो, मुलगी सासरी जायची असो किंवा भीमाशंकरकडच्या वाडीतला आजारी माणूस घोडेगावच्या नाहीतर मंचरच्या दवाखान्यात न्यायचा असो, चाक लागते ते मोटारीचेच. जिथे रस्ता नव्हता तिथे आजाऱ्याला डोलीत घालून डोंगर उतरवावा लागे. अशा मुलखात गाडी दगा देत नाही, या शब्दांना फार मोठी किंमत असते.

आता कथा ऐका. जपानच्या मध्यभागी, समुद्राकाठी, शिझुओका नावाचा प्रांत आहे. त्यातल्या यामागुची नावाच्या खेड्यात 1867 साली साकिची तोयोदा यांचा जन्म झाला. बाप सुतार, थोडीफार शेतीही करणारा. त्या भागात कापूस पिके आणि घरोघरी बायका हातमागावर बसत. दिवसभर धोटा इकडून तिकडे फेकायचा, फणी ओढायची आणि संध्याकाळी पाहावे तो हातभर कापड. साकिचीने बापाचे सुतारकाम शिकून घेतले, पण त्याचे मन त्या मागात अडकले. 1885 साली जपानात पेटंटचा कायदा झाला. नवी युक्ती काढील त्याचा त्या युक्तीवर हक्क राहील, असा त्याचा आशय. पोराने मनाशी ठरवले की, आपण माग सुधारायचा. पुष्कळ खटपटीनंतर त्याने एका हाताने चालणारा लाकडी माग तयार केला आणि 1891 साली त्याचे पेटंट मिळवले. पुढे वाफेवर चालणारा माग केला. पण त्याची खरी करामत 1924 सालची आहे.

ती करामत नीट समजून घ्या, कारण सगळ्या कथेचे बीज तिच्यात आहे. माग चालू असताना एखादा धागा तुटला तर काय होते? यंत्राला ते कळत नाही. ते आपले धडधडत राहते आणि वारच्या वार कापड खराब होते. म्हणून प्रत्येक मागापाशी डोळ्यांत तेल घालून माणूस बसवावा लागे. साकिचीच्या नव्या मागात धागा तुटला की माग आपोआप थांबे. शिवाय धोट्यातले सूत संपत आले की माग न थांबता धोटा बदलला जाई. त्यामुळे एकच कामकरीण एकाच वेळी कितीतरी मागांकडे पाहू लागली. चूक झाली की तिथल्या तिथे थांबायचे, चूक पुढे जाऊ द्यायची नाही, असा हा साधा विचार. हा माग इतका नामी ठरला की, 1929 साली इंग्लंडातल्या प्लॅट ब्रदर्स या जगप्रसिद्ध कारखान्याने त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. ज्या इंग्लंडच्या यंत्रांनी साऱ्या पूर्वेकडच्या विणकरांचे माग बसवले, त्याच इंग्लंडने एका सुताराच्या पोराकडून माग घेतला!

साकिची 1930 साली वारले. त्यांचा मुलगा किइचिरो इंजिनिअर होता आणि त्याच्या डोक्यात मोटार होती. 1933 साली मागाच्याच कारखान्यात मोटारीचा विभाग निघाला. 1935 साली पहिली नमुन्याची मोटार झाली आणि त्याच वर्षी पहिला ट्रकही बाहेर पडला. हे पहिले ट्रक काही नामांकित नव्हते. ते वाटेत वारंवार बंद पडत आणि कंपनीची माणसे दुरुस्तीला धावत. पण प्रत्येक बिघाड लिहून ठेवायचा आणि पुढच्या गाडीत तो दुरुस्त करायचा, हा मागाच्या कारखान्यातला धडा ती विसरली नाहीत. 1937 साली स्वतंत्र कंपनी उभी राहिली. घराण्याचे नाव तोयोदा. कंपनीचे झाले टोयोटा. जपानी लिपीत हा शब्द आठ फटकाऱ्यांत लिहिता येतो आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. आपणही मुहूर्त पाहतोच की!

पुढे महायुद्ध आले. 1945 च्या ऑगस्टमध्ये, युद्ध संपायच्या अगदी आदल्या दिवशी, कारखान्यावर बाँब पडले. युद्धानंतर पैशाचा दुष्काळ पडला. 1950 साली कामगारांचा मोठा संप झाला, पुष्कळ कामगारांना घरी जावे लागले आणि त्याची जबाबदारी आपल्यावर घेऊन किइचिरोने मालकाची खुर्ची सोडली. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले, अमेरिकन लष्कराने ट्रकांची मागणी केली आणि बुडती कंपनी तरली. दुसऱ्याच्या रणांगणावर आपले नशीब उघडावे, हे काही फुशारकीने सांगण्याजोगे नाही. पण इतिहास जसा आहे तसा सांगावा. किइचिरो मात्र 1952 साली वारला. पुढचे वैभव त्याला दिसले नाही.

1957 साली या कंपनीने अमेरिकेत मोटार पाठवली. तिथल्या लांब-रुंद रस्त्यांवर ती धापा टाकू लागली आणि तो प्रयत्न फसला. कंपनीने पुन्हा घरी येऊन धागा कुठे तुटला ते पाहिले. 1966 साली करोला नावाची लहान गाडी काढली, आणि ती जगभर गेली. 2008 साली विक्रीत टोयोटाने अमेरिकेच्या जनरल मोटर्सला मागे टाकले. पण चढत्याला घसरणीचे भय असतेच. 2009 आणि 2010 साली वेग वाढवण्याच्या पायपट्टीतल्या दोषांवरून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि कंपनीच्या प्रमुखाला अमेरिकेत लोकप्रतिनिधींपुढे उभे राहून माफी मागावी लागली. चूक दिसताच थांबायचे, हा आजोबांचा धडा नातवंडेही विसरतात. मग त्याची किंमत मोजावी लागते.

आता या कथेला आपल्या मातीचा धागा कुठे जुळतो ते पाहा. साकिचीहून दोनच वर्षांनी लहान, 1869 साली जन्मलेले आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान घातले आणि मग लोखंडी नांगर करायला घेतला. लोक म्हणाले, लोखंडाने जमिनीला विष बाधेल! नांगर पडून राहिले, पण लक्ष्मणराव डगमगले नाहीत. 1910 साली औंध संस्थानात, माळरानावर, त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. पुढे पुण्यात 1946 साली किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. मोटेची करकर जाऊन इंजिनाची टकटक सुरू झाली, ती ज्यांनी ऐकली आहे असे म्हातारे आपल्याकडे अजून सापडतील. त्याच घराण्याच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाच्या लोकांशी हात मिळवला. मौज अशी की, पहिली भागीदारी मोटारीची नव्हे; 1995 साली ती सूतकताईच्या यंत्रांसाठी झाली! मोटारींची टोयोटा किर्लोस्कर कंपनी निघाली 1997 साली, बंगळूरजवळ बिदादी येथे. एकीकडे मागवाला, दुसरीकडे नांगरवाला. दोघांच्या वंशजांनी मिळून गाडी काढली.

जानेवारी 2000 मध्ये क्वालिस आली. रूपाने ती काही देखणी नव्हती. इंडोनेशियात चालणाऱ्या किजांग नावाच्या गाडीचीच ती बहीण, आणि शहरातल्या टीकाकारांनी तिला पेटीसारखी म्हणून नाके मुरडली. पण भाडेवाल्यांनी तिची पारख वेगळी केली. खाली ट्रकासारखी दणकट चौकट, डिझेलचे इंजिन, आठ-दहा माणसे बसतील अशी जागा, आणि पहाटे चावी फिरवली की चालू. अष्टविनायकाची यात्रा म्हणजे पुणे, रायगड आणि अहिल्यानगर असे तीन जिल्हे पालथे घालायचे. त्यातले ओझर आणि लेण्याद्री हे दोन गणपती आपल्या जुन्नर तालुक्यात. अशा यात्रेत गाडी वाटेत बसली तर भाडे बुडते आणि नावही जाते. म्हणून न बसणारी गाडी हीच सुंदर गाडी, असा हिशेब झाला. 2005 साली क्वालिस चालती असतानाच कंपनीने तिला निरोप दिला आणि इनोव्हा आणली. तिनेही तेच नाव राखले. आणखी एक गोष्ट: जुनी झाली तरी ती बऱ्या किमतीला विकली जाते. शेतकऱ्याला ही भाषा कळते. म्हैस घेताना आपण शिंगांचा रंग पाहत नाही; दुधाचा आणि वेताचा हिशेब पाहतो.

पण मंडळी, इथेच एक सावधगिरीचा शब्द. टोमॅटोला एखाद्या वर्षी भाव लागला की दारात मोठी गाडी उभी करावी, असे तरुणांना वाटते. वाटणे स्वाभाविक आहे. पण टोमॅटोचा भाव एका हंगामाचा आणि कर्जाचा हप्ता पाच-सात वर्षांचा. गाडी घेण्यापूर्वी कागद घ्या. एका बाजूला महिन्याचा हप्ता, डिझेल, टायर, विमा, ड्रायव्हरचा पगार लिहा. दुसऱ्या बाजूला भाडे लिहा. आणि लिहिताना पितृपक्षातले आणि मुसळधार पावसातले रिकामे दिवस वजा करायला विसरू नका. भाड्याने चालवायची तर पिवळी पाटी आणि प्रवाशांचा विमा हवाच. खासगी पाटीवर भाडे मारताना अपघात झाला तर विम्याची भरपाई अडते आणि मग दोन्ही घरे उघडी पडतात. बेरीज जुळली तर खुशाल घ्या. नाही जुळली तर भाड्याची गाडी करून देवदर्शन करा. देव तेवढ्यानेही पावतो!

आणि गुरुजी, आपल्यासाठीही यात एक धडा आहे. टोयोटाच्या कारखान्यात बिघाड झाला की, "का?" हा प्रश्न पाच वेळा विचारतात. वर्गात हा खेळ खेळून पाहा. विहिरीवरची मोटर जळाली. का? तिच्यावर ताण आला. का? पंपाचा पंखा अडकला. का? त्यात वाळू गेली. का? तळाची जाळी फाटलेली होती. का? पावसाळ्याआधी ती कोणी तपासलीच नाही. पहा, मोटर नवी भरून आणली असती तर महिन्याने पुन्हा जळाली असती. जाळी बदलली की रोग गेला.

आपल्या जुन्नरात एके काळी उत्तम हातकागद होत असे. जुन्नरी कागद म्हणून त्याची ख्याती होती. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि ते कागदी बसले. शिझुओकातल्या मागांवरही तेच संकट आले होते. कारागिराची बोटे दोन्हीकडे सारखीच हुशार होती. फरक पडला तो एवढ्याने की, तिथे एका सुताराच्या पोराला हक्काचा कायदा मिळाला, पुढे भांडवल मिळाले आणि मुलाला इंजिनिअरीचे शिक्षण मिळाले. आपण परके राज्य सोशीत होतो. आपल्या कारागिराच्या पाठीशी उभे राहायला कोणी नव्हते.

आज ती अडचण उरलेली नाही. तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसून सायकलची चेन सोडवणारा, बापाच्या फवारणी पंपाचे नोझल उघडून पाहणारा एखादा मुलगा असेल, एखादी मुलगी असेल. त्यांना "हात काळे करू नकोस" असे म्हणू नका. त्यांना विचारा, "का बंद पडला रे? का बंद पडला गं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

नाणेघाटाच्या वाटेने परक्या देशांचा माल आला आणि आपला माल परक्या देशांत गेला, तेव्हाच जुन्नर मोठे झाले. परक्याची गाडी घेण्यात कमीपणा नाही. पण गाडीबरोबर ती घडवणारी रीतही घरी आणावी, एवढेच सांगायचे होते.