खाण बंद झाल्यानंतरचा आजार

कामगारांच्या आजारांवरचे लिखाण म्हणजे तक्ते आणि परिभाषा, अशी तुमची समजूत असेल तर ती घटकाभर बाजूला ठेवा. ॲस्बेस्टॉसच्या अभ्यासाला खरी दिशा मिळाली ती ‘रुग्ण कुठला?’ या साध्या चौकशीतून.

दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्लीत डॉ. स्लेग्ज क्षयरुग्णांवर उपचार करत. छातीत पाणी झालेले रुग्ण शहराच्या पूर्वेकडून आले, तर औषधांनी बरे होत; पश्चिमेकडच्यांना मात्र गुण येत नसे. पश्चिमेला निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. पुढे विकृतिशास्त्रज्ञ वॅग्नर आणि शल्यविशारद मर्चंड यांच्यासह त्यांनी १९६० साली ३३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सर्वांना मेसोथेलिओमा, म्हणजे मुख्यतः फुफ्फुसाच्या आवरणाला होणारा, एरवी अगदी विरळा कर्करोग होता. त्यांतले कित्येक खाणीत कधी कामाला नव्हतेच. त्यांचे बालपण तेवढे त्या परिसरात गेले होते. तिथे बायका आणि मुले हातोडीने दगड फोडून तंतू सुटे करत, आणि टाकाऊ चुऱ्याच्या ढिगांवर मुले खेळत. माझ्या मते नवख्या वाचकांनी सुरुवात याच निबंधापासून करावी. तो आजही सहज वाचता येतो.

त्यानंतर शरीरशास्त्राकडे वळावे. श्वासातून आत गेलेला लांब, बारीक तंतू शरीरातल्या भक्षक पेशींना पुरता गिळता येत नाही. तो तिथेच रुतून राहतो आणि दाह चालू ठेवतो. ॲस्बेस्टॉसिसमध्ये फुफ्फुस हळूहळू घट्ट होत जाते. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका धूम्रपान करणाऱ्यांत कितीतरी वाढतो. मेसोथेलिओमाचा धूम्रपानाशी संबंध नाही, आणि तो उमटायला बहुधा वीस ते पन्नास वर्षे लागतात. तोवर खाण बंद पडलेली असते, हजेरीपटही हाती लागत नाहीत. म्हणून या विषयात जुनी नोंद हाच मोठा पुरावा ठरतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपायला सांगितले. मुदत उदार वाटते. पण विसाव्या वर्षी लागलेल्या आणि तिशीत काम सोडलेल्या माणसाचा हिशोब वाचकांनी स्वतः मांडून पाहावा: नोंद साठीपर्यंत, आजार कदाचित पासष्टीला.