न दुखणाऱ्याची तपासणी

१८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं. सातारा-सांगलीकडची आपली माणसं तिथं जायची, पण दुखणं घेऊनच. न दुखणाऱ्याला तपासायचं, हा विचार पुढचा. अमेरिकेत मिनेसोटातल्या अभ्यासात पन्नास ते ऐंशी वयाच्या लोकांच्या शौचातलं, डोळ्यांना न दिसणारं रक्त दरवर्षी तपासलं. आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, हे १९९३ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडच्या २०१६ च्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन, गर्भाशयमुख आले, आतडं राहिलं. तेव्हा आपण सत्तरीतल्यांनीच बोलायला हवं. रक्त दिसलं, तर 'मूळव्याध असेल' म्हणून गप्प बसू नये. लाज वाटते खरी. पण लाजेपायी आपण आजारच पोसतो.