न दिसणारी वाघीण

रहस्यपट पाहताना आपण श्वास रोखतो तो बहुधा पडद्यावर दिसलेल्या गोष्टीमुळे नव्हे, तर अजून न दिसलेल्या गोष्टीमुळे. आपल्या चित्रपटांनी ही युक्ती कशी कमावली आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खऱ्या भयाशी तिची गाठ कशी पडली, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात कमाल अमरोहींच्या ‘महल’पासून (१९४९) करू. ओसाड हवेली, रात्र आणि एका बाईचा आवाज. गाणारी मधुबाला समोर येण्याआधी तिचा सूर येतो. तो दूरवरून जवळ येतो असे वाटावे म्हणून लता मंगेशकर ध्वनिमुद्रणाच्या वेळी लांब उभ्या राहून, गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या. जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकाने दिवे कमी ठेवून सावल्यांना काम दिले, तर संकलन बिमल रॉय यांचे होते. नायक त्या आवाजामागे जातो आणि त्याच्याबरोबर आपणही जातो.

मराठीत १९६४ साली राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो बेतलेला होता. काशिनाथ घाणेकरांनी रंगवलेल्या वकिलाची पत्नी मरण पावते आणि पुढे हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री समोर येते. इथे हवेली नाही, भूत नाही. मृत्यू आपण आधी पाहिलेला असतो, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवावा की त्या स्त्रीच्या बोलण्यावर, हा पेच आपलाही होतो. १९६६ मध्ये राज खोसला यांनी याच कथेवर हिंदीत ‘मेरा साया’ केला.

दोन्हीकडे रीत एकच आहे : प्रेक्षकाला थोडे सांगायचे, उरलेल्यासाठी थांबवून ठेवायचे.

पन्नासेक वर्षांनी पांढरकवडा-राळेगाव परिसरातली माणसे असेच थांबून राहिली होती; पण तो सिनेमा नव्हता. २०१६ ते २०१८ या काळात टी-१ ऊर्फ ‘अवनी’ या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका ठेवला गेला. जंगलाला लागून कपाशीची शेते, त्यात वाकून काम करणारी माणसे आणि उंच वाढलेले पीक. तिला शोधण्यासाठी कॅमेरे लावले, हत्ती आणले, सुगंधी अत्तराचाही वापर झाला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. मागे तिचे दोन बछडे होते. त्या कारवाईवरून पुढे बराच वाद झाला.

या घटनांशी साम्य असलेला अमित मसूरकर यांचा ‘शेरनी’ २०२१ मध्ये आला. त्याच्या सुरुवातीलाच जंगलातल्या कॅमेऱ्यासमोरून वाघासारखे कोणी चालत जाते, आणि तो कॅमेऱ्याची चाचणी घेणारा माणूस निघतो. पुढेही वाघीण क्वचितच दिसते; दिसतात ते पायाचे ठसे, यंत्राने टिपलेली चित्रे आणि माणसांची धावपळ. नेहमीच्या थरारपटात जनावर केव्हा झडप घालील, ही धास्ती असते. इथे विद्या बालनने साकारलेल्या वनाधिकाऱ्याच्या मागे जाता जाता आपल्याला वाटू लागते, वाघीण बंदूकवाल्यांना न सापडो! न दाखवण्याच्या जुन्याच युक्तीने आपले भय करुणेत पालटते.

ही करुणा खरीच आहे. मात्र ती खुर्चीत बसून आलेली आहे, हे विसरू नये. आपली धास्ती दोन तासांनी दिवे लागले की संपते. यवतमाळच्या शेतात कापूस वेचायला गेलेल्या बाईच्या मागे पऱ्हाटी हलली, तेव्हा पुढचे दृश्य कुठे तोडायचे हे ठरवणारा दिग्दर्शक तिथे नव्हता. वाघिणीसाठी हळहळणाऱ्या प्रेक्षकाने त्या बाईसाठीही तेवढाच श्वास रोखायला हवा.