यंत्राची मर्यादा, खेळाची रंगत

नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ खेळांत नेमबाजीची लाट आणली ती ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने. जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी तो १९७८ साली तयार केला. पडद्यावर ५५ परग्रहवासी; ते टिपत जावे तसतसे उरलेले अधिक वेगाने चाल करून येतात. हा वेग मुद्दाम योजलेला नव्हता. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदले आणि दर वेळी संगणक एकाच परग्रहवाशाला हलवी. ५५ जणांची एक फेरी पुरी व्हायला सुमारे ०.९ सेकंद, पाचच उरले की ०.०८! (फळ्यावर भागाकार करून पाहावा.) निशिकादोंनी ही मर्यादा तशीच राहू दिली, हे त्यांचे खरे चातुर्य. ‘पॅक-मॅन’ला (१९८०) मात्र मर्यादा भोवली. आठ बिटांत २५५च्या पुढचा आकडा मावत नाही; त्यामुळे २५६व्या पातळीवर चक्रव्यूहाचा उजवा अर्धा भाग विस्कटतो.